अंगणात उघडलेला गिअरबॉक्स

२ मे, शुक्रवार

आज घाटात गाडीने मान टाकली. शेवटच्या पाड्यावरच्या शाळेचे निकाल तपासून परत येत होते. चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागच्या जागी. पाय दाबावा तसा आवाज वाढतो, वेग नाही. मागे घसरेल म्हणून ब्रेक घट्ट दाबून बसले. दहा मिनिटांनी पुन्हा गिअर टाकला तेव्हा कशीबशी निघाली. साक्रीपर्यंत वीसच्या वर काटा नेला नाही.

घरी आल्यावर नानांना सांगितलं. "आवाज कसा होता?" एवढंच त्यांनी विचारलं. मी तोंडाने काढून दाखवला. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत, मान खाली घालून ऐकत राहिले.

५ मे, सोमवार

गाडी धुळ्याला नेली. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरताच म्हणाला, "मॅडम, गिअरबॉक्स गेला. एवढ्या जुन्या गाडीत नवा टाकण्यात अर्थ नाही. विकून टाका, दुसरी घ्या. साधी गिअरवाली घ्या, स्वस्त पडेल."

मी पायातला लोखंडी कॅलिपर दाखवला. पोलिओचा डावा पाय क्लच दाबत नाही, म्हणून ही ऑटोमॅटिक, हे सांगावं लागलं. बिचारा ओशाळला.

पंचायत समितीतही जाऊन आले. साहेबांनी परत तोच विषय काढला. "धुळ्याला कार्यालयात टेबल रिकामं आहे. अर्ज करा, मी शिफारस करतो. किती दिवस डोंगर चढणार?" काळजीनेच बोलतात, त्यात खोट नाही. पण अकरा शाळांची केंद्रप्रमुख म्हणून मी ज्या पाड्यांवर जाते, तिथे एसटी दिवसातून एकदा जाते, परतीची दुसऱ्या दिवशी. गाडी नाही म्हणजे शाळा नाहीत, हे साधं गणित. १६ जूनला शाळा उघडतात. अर्जाचा कागद पर्समध्ये घेऊन आले. फाडला नाही, हे इथे कबूल करते.

६ मे, मंगळवार

नाना सकाळी म्हणाले, "तेल कधी बदललं होतं?"

"इंजिनचं? दर वर्षी."

"गिअरबॉक्सचं."

बारा वर्षांत कधीच नाही. त्यात तेल असतं आणि तेही बदलायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तेलात गाळणी असते. ती चोंदली की तेल वर चढत नाही, आणि तेल चढलं नाही की गिअर धरत नाही. गेला म्हणायच्या आधी फिल्टर बदलून पाहू. घरी होतं ते काम." मग म्हणाले, "मी करतो."

नाना, म्हणजे माझे वडील, शहात्तर वर्षांचे. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं टर्बाइनकडे फिटर होते. आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, माझ्याकडे आहेत. ह्या तीन वर्षांत त्यांनी पाना हातात धरलेला नाही. साधा नळ गळत होता तर म्हणाले, माणूस बोलाव. टीव्ही बंद केला. पेपर मी वाचून दाखवायचा. मला वाटलं, आईबरोबर सगळ्यातली गोडीच गेली. आज आपणहून "मी करतो" म्हणाले, तेव्हा मी लगेच पान्यांची पिशवी शोधायला उठले.

गाडी सुधारेल की नाही देव जाणे. पण नाना सुधारतील.

९ मे, शुक्रवार

जळगावला जाऊन आलो, एसटीने. फिल्टर, पॅकिंग आणि तेल आणायला. धुळ्यात मिळालं असतं, पण नाना म्हणाले घेवरचंदकडेच जाऊ. घेवरचंदशेठ पूर्वी भुसावळला असत, वीज केंद्रातले बरेच लोक त्यांच्याकडून सामान घेत. आता जळगावात दुकान आहे, नातू अखिल बघतो.

बसमधून उतरताना नानांनी माझा खांदा धरला तो दुकानापर्यंत सोडला नाही. गंमत वाटली. लहानपणी मी त्यांचा सदरा असाच धरून चालायची, कॅलिपर जड म्हणून. आता वय झालं की माणसं पोरांसारखी होतात.

शेठ गादीवर बसले होते. नाना समोर उभे राहिले आणि त्यांच्या पलीकडच्या फळीकडे बघत राहिले. शेठच म्हणाले, "काय आधारभाऊ, ओळख विसरला का?" आवाज ऐकल्यावर नाना एकदम फुलले. दोघांनी एकमेकांचे हात धरले ते बराच वेळ धरूनच. जुन्या दिवसांनी भरून आलं की माणूस असा हरवतो.

अखिलने गाडीचा नंबर बघून फिल्टर शोधून दिला. चपटा डबा, वर एक नळी, नळीवर काळी रबराची रिंग. नानांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि बोटांनी कडेकडेने चाचपला, बाजारात आपण आंबा चाचपतो तसा. "हाच," म्हणाले.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आले. नाना आले नाहीत, "पायऱ्या फार" म्हणाले. तीनच आहेत. खीर केली, शेजारच्या द्रौपदाबाईंना नेऊन दिली.

दुपारभर दीपनगर डोक्यात होतं. पौर्णिमेला क्वार्टरच्या ओळीत प्रत्येक घरी खीर, आणि आई वाटीवर ताटली झाकायची, नाहीतर राख पडायची. वीज केंद्राच्या चिमणीची राख. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, केसांत. पांढरी साडी नेसायची नाही असं आईने ठरवूनच टाकलं होतं. भोंगा झाला की पंधरा मिनिटांत नानांची सायकल कोपऱ्यावर दिसायची. त्या सायकलच्या कॅरियरवर त्यांनी माझ्यासाठी बाक बसवलं होतं, डाव्या बाजूला पाय ठेवायला लोखंडी पट्टी. कॅलिपरचा रिव्हेट निखळला की नागपूरच्या दवाखान्यात पाठवायचे नाहीत. ओट्यावर बसून स्वतः ठोकायचे. मी आकडे पाटीवर शिकले नाही, पान्यांवर शिकले. "दहा-अकरा दे." "चौदा-पंधरा दे." चुकीचा दिला तर रागवायचे नाहीत, नुसता परत द्यायचे.

१८ मे, रविवार

आज गाडी उघडली. ऊन चढायच्या आत म्हणून साडेपाचलाच सुरुवात केली.

चौकातल्या ट्रॅक्टर गॅरेजच्या कौतिकभाऊंनी काल लोखंडी स्टँड दिले आणि गाडी उचलून त्यावर ठेवूनही दिली. गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना दगडांची उटी. नानांनी स्टँड हाताने हलवून पाहिले, तीनदा. मग पोत्यावर पाठ टेकवून गाडीखाली सरकले. मी बाजूला पाटावर, बॅटरी घेऊन.

"दहाचा दे."

चाळीस वर्षं गेली कुठे?

पॅन म्हणजे परातच असते, गिअरबॉक्सच्या पोटाला बोल्टांनी बांधलेली. नानांनी एका बाजूचे बोल्ट सैल केले तशी ती कलली आणि तेल टबात पडायला लागलं. द्रौपदाबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय व्हयनं वं माय? गाडीनं पोट फाडं का?"

"फिल्टर बदलतोय, अक्का."

"नाना, च्या लई येस," म्हणून गेल्या आणि खरंच घेऊन आल्या.

"रंग कसाय?" नानांनी गाडीखालून विचारलं.

"काळपट. चॉकलेटी म्हणा."

"नवं लाल असतं. वास घे."

"जळकट."

"हं. चुंबकावर काय आहे? पॅनच्या तळाला चुंबक असेल."

"राखाडी चिखल आहे."

"बोटांत चोळून पाह. कण टोचतात का?"

"नाही. मऊ आहे."

"मग जीव आहे त्यात," नाना म्हणाले. "टोचलं असतं तर गॅरेजवाला खरा."

किती छान विचारत होते एकेक. मला शिकवत होते, अगदी ओट्यावर शिकवायचे तसं. स्वतः बघून सांगू शकले असते, पण नाही, तू पाह, तू सांग. काम करताना डोळेही मिटलेले. हाताला सगळं पाठ असलेल्या माणसाची ऐट.

जुना फिल्टर त्यांनी खाली ओढला. "आता आत पाहजो. ज्या भोकातून नळी निघाली तिथं काही राहिलंय का?"

मी वाकून बॅटरी मारली. भोक, कडेने काळं, गोल, गुळगुळीत. "काही नाही. स्वच्छ आहे."

"नक्की?"

"नक्की."

नवा फिल्टर जरा घट्ट गेला. नानांनी तळव्याने दाबून बसवला. पॅकिंग, पॅन, बोल्ट. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, एकदम नाही, थोडे थोडे. नऊला काम संपलं. नवं तेल ओतलं. गाडी उद्या खाली घेऊ, आज दोघंही दमलोत.

नाना आंघोळ करून जेवले आणि गाणं गुणगुणले. खूप दिवसांनी. आईचं आवडतं, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतलं.

मी आज फार सुखात आहे. हे लिहून ठेवते.

१९ मे, सोमवार

गाडी आधीपेक्षा वाईट. गिअर टाकला की किरकिर आवाज, आणि अंगणाच्या बाहेरसुद्धा निघेना. कौतिकभाऊंनी ढकलून आत आणली. नाना दाराशी उभं राहून आवाज ऐकत होते. "तेलाऐवजी हवा ओढतोय," म्हणाले, आणि आत जाऊन पडले. जेवले नाहीत.

पर्समधला अर्ज काढून भरला. नाव, हुद्दा, दिव्यांगत्वाचा प्रकार. सही बाकी आहे.

२० मे, मंगळवार

हे कसं लिहू.

सकाळी अखिलला फोन केला. तो म्हणाला, "ताई, जुन्या फिल्टरच्या नळीवर रिंग आहे का बघा."

जुना फिल्टर कोपऱ्यात पडला होता. नळी बोडकी.

"मग ती वरच अडकलीय. नवी रिंग तिच्यावर जाऊन बसली असेल. असं होतं. जुनी काढा, नवा फिल्टर परत बसवा, झालं."

म्हणजे मी पाहिलेलं ते काळं, गोल, गुळगुळीत. मला वाटलं गाडीचंच आहे ते.

मी नानांकडे गेले आणि माझी चूक त्यांच्यावर टाकली. खोटं नाही लिहीत. मी म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं? चौतीस वर्षं तुम्ही फिटर. फिल्टर तुम्ही काढला. तुमच्या डोळ्यांपासून एक वीत अंतरावर होती ती रिंग. स्वतः का नाही पाहिलं? मला कशाला विचारत बसलात?"

नाना खाटेवर बसले होते. हात गुडघ्यांवर.

"प्रज्ञा, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"तुझा चेहरा दिसत नाही."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

उजवा डोळा आई होती तेव्हापासूनच गेलेला. डावा दिवाळीपासून. आता डाव्याने मधोमध थोडं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं, तेही धुरकट. "रंग कसाय?" विचारलं होतं ते शिकवणं नव्हतं. त्यांना रंग हवा होता.

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू काय केलं असतंस?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"धुळ्याला टेबलावर बसली असतीस," नाना म्हणाले. "माझ्यासाठी. त्या पाड्यांवर तू जातेस, पोरं तुझी वाट पाहतात, हे मी तुझ्याच तोंडून ऐकतो रोज. एवढंच तर ऐकायला असतं मला दिवसभर. गाडी नीट केली असती तर तुझा प्रश्न सुटला असता. मग सांगणार होतो."

बाहेर आले तर द्रौपदाबाई कुंपणापाशी. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

"माले वाटनं तुले माहीत शे," त्या म्हणाल्या. "दुपारले मी त्यासले हात धरीसन गल्लीम्हा फिरावस."

शेजारणीला माहीत. घेवरचंदशेठला कळलं असेल, म्हणून तर हात सोडत नव्हते. तीन पायऱ्या, पेपर, टीव्ही, माझा खांदा. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी प्रत्येक वेळी दीपनगर आठवत बसले. मला माझे जुने नाना इतके हवे होते की खाटेवरच्या नानांकडे पाहिलंच नाही.

२३ मे, शुक्रवार

धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. भाड्याची गाडी केली. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही. डाव्याची राहिली आहे ती थेंबांनी टिकवायची. दिवसातून दोनदा, न चुकता, जन्मभर. डॉक्टरांनी विचारलं, "आधी का नाही आणलं?" प्रश्न नानांना होता की मला, कळलं नाही.

परतताना नाना म्हणाले, "पॅन परत उघडायला हवा."

"आता नको नाना."

"का? रिंगच काढायची आहे. तेल नवंच आहे, स्वच्छ टबात धर, मलमलमधून गाळून परत ओत."

"खाली कोण जाणार?"

कुसुंबा गाव मागे गेल्यावर नाना म्हणाले, "तू."

२७ मे, मंगळवार

तीन दिवस टाळलं. आज विचारलंच त्यांना, गाडी अंगावर पडली तर? म्हणाले, "स्टँड मी तपासले आहेत. हाताने. हाताचं मला अजून दिसतं."

३१ मे, शनिवार

झालं.

कौतिकभाऊंनी पुन्हा गाडी चढवून दिली आणि ते गॅरेजात गेले. सहा वाजता मी कॅलिपर काढून भिंतीला टेकवला, पोत्यावर निजले आणि हातांनी स्वतःला आत ओढलं. वर अख्खी गाडी. लोखंड, जुनं तेल, धूळ. नाकापासून हातभर अंतरावर गिअरबॉक्सचं पोट.

"घाबरू नको," नानांचा आवाज बाजूने आला. ते पाटावर बसले होते, पान्यांची पिशवी मांडीवर. "दहाचा घे." हातात दिला तो दहाचाच होता. बोटांनी शोधून काढत होते.

मागचे बोल्ट आधी, मग बाजूचे. पुढचे दोन शेवटपर्यंत ठेवायचे म्हणजे पॅन एकदम अंगावर येत नाही. तरी थोडं तेल कोपरावर ओघळलं. फिल्टर खाली आला. नळीवर नवी रिंग, थोडी मुरगळलेली. वर भोकात जुनी, तशीच काळी, शांत.

"दिसतेय?"

"दिसतेय."

"अणकुचीदार काही घालू नको, ॲल्युमिनियमला ओरखडा पडेल. नखाने कड उचल."

वीस मिनिटं लागली. नख तुटलं. दोनदा रडायला आलं, एकदा नानांना शिवी ऐकू गेली असावी. मग ती रिंग अचानक सुटली आणि माझ्या कपाळावर पडली. मी ओरडलेच.

"बोट फिरव आत. पुरतं गोल."

"स्वच्छ आहे."

"नक्की?"

"थांबा." मी पुन्हा बोट घातलं. पुन्हा एक फेरा, सावकाश. "नक्की."

अखिलने पाठवलेली दुसरी नवी रिंग तेलात बुडवून चढवली. फिल्टर बसताना बारीक टक् आवाज झाला. नाना बाहेरून म्हणाले, "बसला."

बोल्ट आवळताना त्यांनी मला मोजायला लावलं नाही. म्हणाले, मनगटाने आवळ, खांद्याने नको. बाहेर आले तेव्हा साडीभर तेल. नानांनी हात पुढे केला, माझा चेहरा चाचपला, बोटांना तेल लागलं ते नाकाशी नेलं. "नवं आहे," म्हणाले, आणि हसले.

गाळलेलं तेल परत ओतलं, कौतिकभाऊंनी येऊन गाडी स्टँडवरून उतरवून दिली. इंजिन गरम केलं. ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमधून एकेकदा दांडी फिरवली, मग तेलाची पातळी पाहिली. बरोबर. गिअर टाकला. किंचित हिसका, आणि गाडी अंगणातून पुढे सरकली, जणू काही झालंच नव्हतं.

सही न केलेला अर्ज चुलीत घातला, द्रौपदाबाईंच्या. त्यांचं पाणी तापत होतं.

३ जून, मंगळवार

घाटात जाऊन आले, एकटीच. तीन वेळा चढले-उतरले. तिसरा गिअर किंचित उशिरा पडतो. नाना म्हणाले, पडेल तसा, त्याचंही वय झालंय. पाचशे किलोमीटरवर तेल परत बदलू.

साहेबांना सांगून आले की डोंगरच बरा. मी घरी नसेन तेव्हा द्रौपदाबाई नानांना थेंब घालतील. त्यांना ते दाखवून दिलं तर म्हणाल्या, बठ्ठं समजनं, तू जाय.

८ जून, रविवार

काल नाना म्हणाले, "आहे तेवढ्या नजरेत एकदा दीपनगर पाहून येऊ."

आज गेलो. धुळे, जळगाव, भुसावळ. एवढा लांबचा पल्ला मी स्वतः कधी चालवला नव्हता. नाना शेजारी, खिडकी उघडी, गरम वारा. भुसावळ सोडल्यावर चिमणी दिसायला लागली. मी सांगायच्या आतच ते सरसावून बसले. चिमणी दिसली म्हणून की नुसता वारा बदलला म्हणून, विचारलं नाही.

वसाहतीत गाडी फाटकाजवळ लावली आणि चालत निघालो. आमच्या ओळीतली निम्मी क्वार्टर्स बंद आहेत. आमच्या घराला कुलूप, दाराशी काटेरी झुडूप. ओटा आहे. त्यावर बकरी बसली होती. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी नानांकडे बघत होते.

इथे त्यांनी माझा खांदा सोडला. काठी टेकत माझ्यापुढे चालायला लागले, साक्रीत कधी चालत नाहीत तसे, भराभर. पाण्याची टाकी कुठे, भेंडीचं झाड कुठे, सगळं सांगत. झाड नाही आता, मी बोलले नाही. वळणावर ते थांबले, मागे वळले.

"जपून ये. इथं गटाराची जाळी आहे. तुझ्या कॅलिपरचं टोक अडकतं तिच्यात. दोनदा पडलीस."

मी पाहिलं. रस्ता नवा होता, सलग काँक्रीट. जाळी नव्हती, गटारही नव्हतं. मी डावा पाय हाताने उचलला आणि लांब टाकला.

"ओलांडली," मी म्हणाले.

नाना तिथेच उभे राहिले. काठीने त्यांनी समोरची जमीन ठोकून पाहिली, एकदा, दोनदा.

"नाहीये ना आता?"

"नाही."

"मग पाय कशाला उचललास? ऐकू आला मला."

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

त्यांनी हात पुढे केला. मी खांदा दिला, आणि ऊन फार झालं होतं म्हणून आम्ही गाडीकडे परत वळलो.